जुना रोलचा कॅमेरा: नाशिकमध्ये घेताना, वापरताना, विकताना

दसऱ्याची साफसफाई निघाली की माझ्या फोनवर एकाच तऱ्हेचे निरोप यायला लागतात. माळ्यावरची ट्रंक खाली आलेली असते. तिच्यात बाबांचा किंवा आजोबांचा कॅमेरा सापडलेला असतो. त्याचा फोटो पाठवून कोणीतरी विचारतं, "ताई, चालतो का हा? किती येतील याचे?" फोटो बघून यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. त्यासाठी कॅमेरा हातात घ्यावा लागतो, कानाशी धरून शटर ऐकावं लागतं, मागचं झाकण उघडून आत टॉर्च मारावी लागते.

गेली बारा वर्षं मी रोलवर फोटो काढते आहे. या काळात अकरा कॅमेरे घेतले, सात विकले, आणि त्यातले तीन मुळात घ्यायलाच नको होते. माझं म्हणणं आधीच सांगते: जुन्या कॅमेऱ्याची किंमत त्याच्या वयावर नसते, नावावरही नसते, तो आज नीट चालतो का यावर असते. शोकेसमध्ये ठेवलेला कॅमेरा आतून आखडत जातो. महिन्या-दोन महिन्यांनी रोल खाणारा कॅमेरा टिकतो.

आधी फिल्म, मग कॅमेरा

कॅमेरा कितीही देखणा असला तरी त्यात कोणती फिल्म बसते ते आधी विचारा. आज सहज मिळणारे आकार दोनच. एक ३५ एमएम, म्हणजे आपला डबीतला छत्तीस फोटोंचा रोल. दुसरा १२०, कागदात गुंडाळलेला रुंद रोल. इन्स्टामॅटिकची १२६ कार्ट्रिज, डिस्क फिल्म, एपीएस यांचं नियमित उत्पादन कधीच थांबलंय, त्यामुळे असले कॅमेरे फुकट मिळाले तरी आठवण म्हणूनच ठेवायचे. ६२० लिहिलेला कॅमेरा दिसला तर त्यात १२० चीच फिल्म लागते, पण रीळ वेगळं असतं. अंधारात बसून फिल्म एका रिळावरून दुसऱ्यावर गुंडाळायची तयारी असेल तरच घ्या.

आपल्याकडच्या घरांत जास्त सापडतात ते आग्फा क्लिक थ्री, याशिका एमएफ-२, कोडॅक केबी-१० आणि हॉट शॉट. हे साधे कॅमेरे आहेत. चालू असतील तर त्यात एक रोल जरूर टाका, लग्नामुंजीचे किती अल्बम यांनीच भरलेत. पण शिकायला हे पुरत नाहीत, कारण यात हातानं ठरवण्यासारखं फारसं काही नसतं.

शिकण्यासाठी मी डोळे झाकून पेंटॅक्स के-१००० सुचवते. १९७६ ते १९९७ अशी दोन दशकं तो बनत होता, त्यामुळे सुटे भाग आणि लेन्स दोन्ही मिळतात. बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला लागते, शटर तिच्याविना चालतं. एकच लक्षात ठेवा: त्याच्या मीटरला बंद करायचं बटणच नाही. लेन्सवर झाकण लावलं की मीटर झोपतं. झाकण हरवलं तर बॅटरी महिन्यात संपते. दोन पैसे जास्त असतील तर १९८२ साली आलेला निकॉन एफएम२ घ्या. तोही यांत्रिक आहे आणि त्याचं शटर सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत जातं. फोटोग्राफी शिकणाऱ्या मुलांनी एके काळी भरपूर घेतलेला निकॉन एफएम१० अजूनही बऱ्याच कपाटांत पडून आहे. तो हलका आहे, प्लॅस्टिकचा आहे, पण शिकायला उत्तम.

रशियन झेनिट-ई स्वस्तात मिळतो. वजनाला वरवंटा, पण हेलिओस लेन्स मनापासून आवडावी अशी. लेन्सच्या वर मधाच्या पोळ्यासारखी काच दिसते, ते त्याचं सेलेनियमचं मीटर. बॅटरी लागत नाही, पण वर्षानुवर्षं उजेड खाऊन ते मंद झालेलं असू शकतं. फेड आणि झोर्की या सोव्हिएत कॅमेऱ्यांत आधी रोल पुढे सरकवायचा आणि मगच शटरचा वेग बदलायचा. उलट केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते. आणखी एक: याच फेड-झोर्कींवर महागड्या जर्मन लायकाचं नाव कोरून ते विकले जातात. सोनेरी मुलाम्याचा, गरुड वगैरे कोरलेला 'युद्धकाळातला लायका' कोणी दाखवला तर हात जोडून पुढे निघा.

कुठे शोधायचा

सगळ्यात चांगले कॅमेरे घरांतून येतात. नात्यात, शेजारी, सोसायटीच्या ग्रुपवर सांगून ठेवा. त्यानंतर जुने स्टुडिओ. मेनरोड, रविवार कारंजा, नाशिकरोड या भागांत ज्यांनी डिजिटलच्या आधी धंदा केला अशा लोकांकडे एखादा तरी कॅमेरा काचेच्या कपाटात असतो. तिथे गेल्या गेल्या भाव विचारू नका. बसा, चहा घ्या, "काका, तुम्ही लग्नं कशावर काढायचात?" एवढं विचारा. मला याशिका मॅट असाच मिळाला, तिसऱ्या भेटीत. त्यासोबत काकांनी फ्लॅशची वायर, लेन्सचा हुड आणि एक तासाची शिकवणी दिली, ती ऑनलाइन कुठून मिळणार?

गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जुन्या वस्तू मांडणाऱ्यांकडे अधूनमधून कॅमेरा दिसतो. तिथे तो चालतो असं धरूच नका, सुट्या भागांच्या भावानं घ्या. मुंबईला जायचं तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा. चोर बाजारात माल बघायचा आणि फोर्टातल्या बोरा बाजारात सामान घ्यायचं, दोन्ही एका दिवसात होतं. ऑनलाइन परदेशातून मागवताना किमतीवर कस्टम ड्युटी आणि कुरिअरचा खर्च धरा. वर्णनात 'एक्सलंट' पुढे पाच अधिकची चिन्हं असली तरी खाली 'बुरशी आहे, धुरकटपणा आहे' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा.

घरी जाऊन कॅमेरा बघताना झाकण एकदम उघडू नका. आधी वरच्या बाजूला डावीकडे असलेली रिवाइंडची, म्हणजे रोल परत डबीत गुंडाळायची, चावी हळूच उजवीकडे फिरवा. ती सैल फिरत राहिली तर आत काही नाही. अडली, ताण लागला, तर आत रोल आहे. पंचवटीतल्या एका काकूंकडे मी असाच एक याशिका बघायला गेले होते. चावी अडली. काकूंना म्हटलं, "काकू, आत रोल आहे, तुमची परवानगी असेल तर मी तो धुवून आणते, मग कॅमेऱ्याचं बोलू." रोल तीसेक वर्षांचा, म्हणून तो कृष्णधवल रसायनात धुतला. राखाडी धुक्यातून चार फ्रेम निघाल्या. एका ओट्यावर फ्रॉकमधली मुलगी, मागे सायकल. काकू बराच वेळ तो प्रिंट डोळ्यांजवळ धरून बसल्या आणि म्हणाल्या, "सायकल आमच्या ह्यांची." कॅमेरा त्यांनी मला विकला, पण त्या प्रिंटचे पैसे मी घेतले नाहीत. तुम्हीही घेऊ नका. रोल घरातल्यांचा असतो, कॅमेऱ्याच्या सौद्यात तो येत नाही.

हातात घेतल्यावर काय बघायचं

तपासणीला अर्धा तास हवा. विकणारा घाई करत असेल तर पुन्हा येतो म्हणा. सोबत छोटी टॉर्च, दोन एलआर४४ बॅटऱ्या, इअरबड आणि स्लो मोशन व्हिडिओ निघणारा फोन ठेवा.

पहिलं शटर. मागचं झाकण उघडा, रोल पुढे सरकवायचा लिव्हर ओढा, वेग एक सेकंदावर ठेवा आणि बटण दाबा. मनात "एक हजार एक" म्हणेपर्यंत शटर उघडं राहायला हवं. मग अर्धा, पाव, एक-अष्टमांश असं करत वर या. प्रत्येक पायरीला आवाज आखूड होत गेला पाहिजे. हळू वेगांवर यंत्र कण्हत कण्हत थांबलं किंवा उघडंच राहिलं तर आतलं वंगण सुकलंय. ते दुरुस्त होतं, पण सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करा. अचूक बघायचं असेल तर उघड्या शटरमधून उजेडाकडे फोन धरा आणि २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करा. १/३० वर शटर सुमारे आठ फ्रेम उघडं दिसायला हवं, १/६० वर चार. कापडी पडद्याचं शटर असेल तर पडद्याच्या मागून टॉर्च मारून बारीक भोकं दिसतात का तेही बघा. सेल्फ टायमर मात्र चालवून बघू नका. जुन्या कॅमेऱ्यात तो अर्ध्यात अडकला तर सगळा कॅमेराच अडकतो.

दुसरी लेन्स, आणि नाशिकमध्ये ही पहिलीच म्हणायला हवी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओल असते, त्र्यंबक-इगतपुरीकडे तर विचारूच नका. चामड्याच्या केसमध्ये बंद करून कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरतेच. लेन्स पूर्ण उघड्या ॲपर्चरवर (उजेड आत सोडणारं भोक सगळ्यात मोठं करून) ठेवा, एका बाजूनं टॉर्च तिरकी धरा आणि दुसऱ्या बाजूनं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. सगळीकडे दुधाळ पडदा दिसला तर धुरकटपणा. चारदोन धुळीचे कण दिसले तर सोडून द्या, फोटोत ते येत नाहीत. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडाही चालतो, मागच्या काचेवरचा नाही. कडेला थोडीशी बुरशी असेल आणि लेन्स सुटी होणारी असेल तर साफ होते, पण बुरशीनं काचेवरचा लेप खाल्ला असेल तर डाग कायमचा. माझ्या तीन चुकीच्या खरेद्यांपैकी दोन याच कारणानं फसल्या. दोन्ही वेळा दुकानात ट्यूबलाइटखाली लेन्स लख्ख दिसली होती.

ॲपर्चरची पाती बघा. त्यांवर तेल आलेलं असेल तर ती चिकटतात, मोठ्या ॲपर्चरवरून लहानावर झटकन जात नाहीत.

तिसरी बॅटरीची खोबण. नाण्यानं झाकण उघडा. हिरवी-पांढरी पूड दिसली तर जुनी बॅटरी पाझरलेली आहे. थोडीशी असेल तर इअरबडवर व्हिनेगर घेऊन पुसता येते. वायरीपर्यंत गेली असेल तर मीटर गेलं समजा.

चौथं, झाकणाच्या खाचेतला काळा फोम. वीस-तीस वर्षांत तो डांबरासारखा चिकट होतो. हा दोष मानू नका, हे सगळ्यांचंच होतं. घरी आणल्यावर टूथपिक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं खरवडायचा आणि त्या जागी पातळ फेल्टच्या पट्ट्या चिकटवायच्या. खरवडताना कॅमेरा पालथा धरा, चुरा शटरमध्ये पडता कामा नये.

काही मॉडेलांची आपली आपली दुखणी असतात. १९६६ पासून आलेल्या याशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये लिव्हर ओढताना आत 'टक्' असा जाड आवाज यायला हवा. तो आला नाही तर आतला एक रबरी तुकडा झिजलाय आणि एक्सपोजरचा भरवसा नाही. या कॅमेऱ्याला बॅटरी लागतेच. कॅनन एई-१ बटण दाबल्यावर खोकल्यासारखा किंवा कुंईकुंई असा आवाज करत असेल तर आरशाच्या यंत्रणेतलं वंगण सुकलंय. जाणकार मेकॅनिक ते नीट करतो, पण तोपर्यंत भाव खाली आणा.

भाव ठरवताना मी एकच हिशेब करते. चालू अवस्थेतल्या त्याच मॉडेलचा आजचा भाव तीन-चार ठिकाणी बघायचा. मागितलेला नाही, विकला गेलेला. त्यातून सर्व्हिसिंग आणि पहिल्या रोलचा खर्च वजा करायचा. उरेल ती किंमत सांगायची आणि का ते दाखवायचं. टॉर्चमध्ये बुरशी दाखवली की बहुतेक विकणारे मान्य करतात, कारण त्यांनाही ती पहिल्यांदाच दिसलेली असते.

बॅटरीचा तिढा

के-१००० ला एक आणि एफएम२ ला दोन एलआर४४ लागतात, त्या घड्याळजीकडेही मिळतात. एई-१ ला सहा व्होल्टची ४एलआर४४ लागते. याशिका इलेक्ट्रोलाही तीच चालते, फक्त उरलेली जागा भरायला ॲडॅप्टर किंवा स्प्रिंग लागते. अडचण येते ती ओलिम्पस ओएम-१ आणि याशिका मॅट १२४जी यांच्यासारख्या कॅमेऱ्यांत. त्यांचं मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेलं आहे आणि ती बॅटरी आता बनत नाही. दीड व्होल्टची घातली तर मीटर चुकतं. यावर सोपा उपाय मेडिकलच्या दुकानात आहे. श्रवणयंत्राची ६७५ नंबरची बॅटरी १.४ व्होल्टच्या आसपास देते. आकारानं लहान म्हणून भोवती एक रबरी रिंग घाला. वरचं स्टिकर काढलं की ती सुरू होते आणि एक-दोन महिन्यांतच संपते, तेव्हा स्टिकर काढल्याची तारीख कॅमेऱ्याच्या तळाला लिहून ठेवा. मीटर गेलेलंच असेल तरी कॅमेरा टाकू नका, मोबाइलवरची लाइट मीटरची ॲप पुरेशी चांगली आहेत.

पहिला रोल

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१२ मध्ये इंग्लंडहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी थेट सिनेमाला हात घातला नाही. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याच्या वाढीचं थोडंथोडं चित्रण करून आधी यंत्र पारखलं. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथून जाताना मला दर वेळी तो वाटाणा आठवतो. तुमचाही पहिला रोल चाचणीचाच असू द्या. बहिणीच्या डोहाळजेवणाला नव्यानं घेतलेला कॅमेरा नेऊ नका.

चाचणीसाठी कृष्णधवल फिल्म घ्या: फोमापॅन, केंटमिअर किंवा इलफर्ड एचपी५. रंगीत रोलपेक्षा स्वस्त पडते आणि घरी धुता येते. रंगीतमध्ये कोडॅक गोल्ड २०० आपल्या उन्हाला छान. रंगीत रोल, धुणं आणि स्कॅन मिळून मला एका फ्रेमला चाळीसेक रुपये पडतात. हा आकडा डोक्यात असला की बोट आपोआप थांबतं. स्वस्तात मिळणारे काही रोल सिनेमाच्या फिल्ममधून कापून भरलेले असतात. त्यांच्या पाठीवर काजळीसारखा काळा थर असू शकतो. असा रोल साध्या लॅबला न सांगता दिला तर त्यांचं मशीन आणि इतर गिऱ्हाइकांचे रोल दोन्ही खराब होतात. विकणाऱ्याला आधी विचारा आणि लॅबलाही सांगा.

आता रोल भरणं. सावलीत भरा. फिल्मचं टोक उजवीकडच्या रिळाच्या खाचेत घाला, लिव्हर ओढून दोन्ही कडांची भोकं दात्यांवर बसलेली बघा, झाकण लावा. मग रिवाइंडची चावी हलकेच फिरवून फिल्मचा सैलपणा काढा. यापुढची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. लिव्हर ओढताना डावीकडची ती चावी आपोआप उलटी फिरली पाहिजे. ती फिरली तरच आत फिल्म सरकतेय.

२०१५ च्या सिंहस्थात मी पहाटे तीनला उठून रामकुंडावर गेले. आखाड्यांची मिरवणूक, ओले ध्वज, एका साधूच्या जटांमधून निथळणारं पाणी, सगळं टिपलं असं वाटत होतं. छत्तिसावा फोटो झाला, सदतिसावा झाला, चाळिसावाही झाला तेव्हा पोटात गोळा आला. फिल्मचं टोक खाचेतून निसटलं होतं. रोल जसाच्या तसा डबीत. सकाळभर मी डाव्या हाताची चावी एकदाही बघितली नव्हती. २०२७ च्या स्नानांना जे कोणी रोल घेऊन जाणार आहेत त्यांनी पहिल्या तीन फ्रेमना ती चावी बघावी, एवढी माझी विनंती आहे.

उजेडाचा हिशेब

स्वच्छ ऊन असेल तर ॲपर्चर एफ १६ आणि शटरचा वेग फिल्मच्या डबीवरच्या आयएसओ अंकाइतका. २०० ची फिल्म असेल तर १/२५०, ४०० ची असेल तर १/५००. पातळ ढग आले तर एफ ११, ढगाळ पण उजळ असेल तर एफ ८, आभाळ गच्च भरलं तर एफ ५.६, घरांच्या सावलीत एफ ४. पंचवटीतल्या अरुंद गल्ल्यांत दुपारी बारालाही हे शेवटचंच लागू पडतं.

मीटर असलं तरी हा हिशेब पाठ ठेवा, कारण मीटर समोरची प्रत्येक गोष्ट मध्यम राखाडी धरून चालतं. काळाराम मंदिराचा दगड काळा. भिंतीनं फ्रेम भरली तर मीटर म्हणतं उजेड कमी आहे, आणि फोटोत दगड राखाडी होतो. तिथे मीटर सांगतं त्यापेक्षा एक स्टॉप कमी, म्हणजे निम्माच उजेड द्या. उलट त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेत पांढऱ्या धोतर-सदऱ्यांची गर्दी समोर आली तर एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्या, नाहीतर चेहरे काळे पडतात. संशय आला की निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्तच उजेड द्यावा, तो ती सोसते. कमी उजेड सोसत नाही.

गर्दीत फोकस करत बसायला वेळ नसतो. ५० एमएमची लेन्स एफ १६ वर ठेवून अंतर पाच मीटरच्या जरा पुढे लावलं तर साधारण अडीच-तीन मीटरपासून दूरच्या देवळाच्या कळसापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मग फक्त चौकट बघायची.

रंगपंचमीला रहाडीजवळ, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदाजवळ, कॅमेरा नेऊ नका, पिशवीत गुंडाळूनही. त्या रंगाचं पाणी लेन्सच्या आट्यांत गेलं की निघत नाही. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्याचा परिसर आणि देवळालीचा लष्करी भाग, इथे कॅमेरा बाहेर काढायचाच नाही. आणि ओझरहून विमानानं जाणार असाल तर न धुतलेले रोल पारदर्शक पिशवीत ठेवून हातानं तपासायची विनंती करा. नव्या सीटी स्कॅनरमुळे फिल्मवर धुकं चढतं.

रोल धुणं

रंगीत रोल मी कुरिअरनं लॅबला पाठवते. त्याचा डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, ३८ अंशांना लागतो आणि त्यात चढउतार चालत नाही. कृष्णधवल मात्र घरी धुवा. एक टाकी, अंधारात रोल हाताळायला एक काळी चेंजिंग बॅग, थर्मामीटर, डी-७६ हा डेव्हलपर आणि चित्र पक्कं करणारा हायपो, बस.

आधी एक वाया गेलेला रोल घेऊन दिवसाउजेडी तो टाकीच्या रिळावर चढवायचा सराव करा, मग डोळे मिटून, मग बॅगेत. एचपी५ ला न पातळ केलेल्या डी-७६ मध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं. सुरुवातीला अर्धा मिनिट आणि मग दर मिनिटाला दहा सेकंद टाकी उलटसुलट करायची. डिसेंबरात नाशिकचं पाणी याहून थंड असतं, थोडं कोमट मिसळा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, तेव्हा माठातलं पाणी वापरा आणि रसायनाच्या बाटल्या बर्फाच्या घमेल्यात उभ्या करा. डेव्हलपर ओतून दिला की साध्या पाण्यानं एकदा विसळा, मग पाच मिनिटं हायपो. शेवटी धुताना नळ सोडून ठेवायची गरज नाही. टाकी पाण्यानं भरून पाच वेळा उलटी करा, पाणी बदला, दहा वेळा, पुन्हा बदला, वीस वेळा. उन्हाळ्यात पाणी एक वेळ येत असलं तरी एवढ्यात भागतं. वापरलेला हायपो मोरीत ओतू नका. त्यात फिल्मवरची चांदी उतरलेली असते आणि आपली गटारं शेवटी गोदावरीलाच मिळतात. जुन्या स्टुडिओवाल्यांना विचारा, काही जण तो साठवून चांदी काढणाऱ्यांना देतात.

पावसाळ्यातली निगा

चामड्याची केस वेगळी ठेवा, ती ओल धरते. कॅमेरा हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि आत छोटा आर्द्रता मापक टाका. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत असावा. जेलचा रंग बदलला की ते कढईत मंद आचेवर भाजून पुन्हा वापरा, मात्र ती कढई स्वयंपाकाला नको. बॅटरी काढून ठेवा. शटर ताणलेलं ठेवू नका. महिन्यातून एकदा सगळ्या वेगांवर दहा-वीस वेळा वाजवा आणि ऊन पडेल त्या दिवशी लेन्स उजेडात ठेवा.

विकताना

विकायच्या आधी त्यातून एक रोल काढा. 'चालू आहे' या दोन शब्दांपेक्षा त्याच कॅमेऱ्यानं या महिन्यात काढलेले चार फोटो जास्त काम करतात. कॅमेऱ्याचे फोटो खिडकीच्या उजेडात काढा: समोरून, तळातून, बॅटरीची खोबण, उघडं झाकण, आणि टॉर्च मारलेली लेन्स. दोष असेल तर त्याचा जवळून फोटो सगळ्यात आधी लावा. मी बुरशीचा ठिपका असलेली एक लेन्स असा फोटो लावून विकली. घेणाऱ्यानं घासाघीस केली नाही, आणि नंतर दुसरा कॅमेराही माझ्याकडूनच नेला. मीटर न तपासता 'बहुधा चालत असावं' असं लिहू नका. बॅटरी वीस-तीस रुपयांची असते, घालून बघा.

पैशांच्या बाबतीत सावध राहा. फोटो न बघता, भाव न करता लगेच तयार होणारा, स्वतःला लष्करात आहे म्हणवणारा आणि पैसे पाठवायला क्यूआर कोड स्कॅन करायला सांगणारा माणूस ठग असतो. पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही, कधीच नाही. पाठवायचा असेल तर लेन्स वेगळी, बॅटरी बाहेर, शटर सैल, दोन्ही नगांना बबल रॅपचे तीन वेढे, खोक्यात खोकं, आणि पॅक करतानाचा व्हिडिओ. विमा उतरवा.

पण जमलं तर गिऱ्हाइकाला घरीच बोलवा. मी तसंच करते. चहा ठेवते, त्यांच्याच हातानं रोल भरायला लावते, झाकण लावून पहिल्यांदा लिव्हर ओढायला सांगते, आणि आम्ही दोघंही डावीकडची चावी बघत बसतो. ती फिरली की मग पैशांचं बोलतो.